हेदीच्या पाड्यावरची निळी तळी

आकाशातून नुसतं खाली बघून शेतात काय आहे ते ओळखता येतं का, असं मला कुणी विचारलं तर मी छातीठोकपणे सांगतो, येतं! भात, नागली, वरई, पडीक, जंगल, सगळं ओळखता येतं. त्यासाठी बांधावर उभं राहून उन्हात डोकं तापवायची गरज नाही. मी नाशिकला जाऊन ड्रोनचं रीतसर प्रशिक्षण घेतलंय आणि त्याचं सर्टिफिकेट जव्हारच्या आमच्या घरात देवघराच्या वर लावलंय. देवांच्या वर काही लावू नये अशी हर्षदाची, म्हणजे माझ्या बायकोची, तक्रार होती. पण ड्रोनचं सर्टिफिकेट खाली कसं लावणार?

तर यंदाच्या उन्हाळ्यात आमच्या कार्यालयाने मोखाडा तालुक्याचा जमीनवापराचा नकाशा काढायला घेतला आणि काम अर्थातच माझ्याकडे आलं. काम तसं सोपं असतं. ड्रोन उडवायचा, फोटो काढायचे, ते संगणकात जोडायचे आणि संगणकाला एकदा शिकवायचं की हा रंग दिसला की जंगल समज, हा दिसला की गवत, हा दिसला की पाणी. पुढे तो आपला आपण रंग भरत सुटतो. पाण्यासाठी मी त्याला धरणाचा फोटो दाखवला. वरून धरण काळंभोर दिसतं. काळं दिसेल ते पाणी, हे त्याने एका झटक्यात शिकून घेतलं. आमच्या घरात इतक्या लवकर माझं कुणी ऐकत नाही, त्यामुळे मला त्याचं फार कौतुक वाटलं.

नकाशा तयार झाला आणि मी बघतच राहिलो. सगळ्या तालुक्यावर निळे ठिपके! एकेका पाड्याभोवती दहा-पंधरा छोटी, चौकोनी, नीटनेटकी तळी. तीही भर मे महिन्यात, जेव्हा मोखाड्यात माणसाच्या डोळ्यांतसुद्धा पाणी येत नाही. अख्खं ऑफिस माझ्या टेबलाभोवती जमलं. त्यातले निम्मे मोखाड्याकडचे, दोघे दाभोशाचे, सगळ्यांची घरी शेती. एकालाही शंका आली नाही. निळा रंगच असा असतो की तो बघून माणूस खूश होतो. साहेब तर इतके हरखले की त्यांनी तो नकाशा जिल्ह्याच्या बैठकीत भिंतभर मोठा करून दाखवला. आपल्याकडे एवढं पाणी असताना लोक उगाच ओरड करतात, असं ते तिथे म्हणाले म्हणे. त्यांना शाबासकी मिळाली. त्यातली थोडी त्यांनी मलाही दिली.

चार दिवसांनी सासूबाईंचा फोन आला.

माझी सासुरवाडी मोखाड्याच्या पुढे, हेदीच्या पाड्यावर. तिथली विहीर होळीलाच तळ गाठते. मग रोज टँकर येतो, विहिरीत पाणी ओततो आणि बाया ते पोहऱ्याने शेंदून घेतात. त्यात माझ्या मेहुण्याचं, उमेशचं, लग्न ठरलेलं. मांडव पडायचा, पाहुणे यायचे, पंगती उठायच्या, आणि नेमका टँकर बंद झाला होता. विचारायला गेलं तर वरून उत्तर आलं, तुमच्या पाड्याला तळी आहेत, तुम्हाला टँकर कशाला?

हे सगळं सांगून झाल्यावर हर्षदाने फोन ठेवला आणि मला विचारलं, "हा नकाशा कुणी काढलाय?"

मी म्हटलं, कार्यालयाने. ती माझ्याकडे बघत राहिली. ती बघत राहते तेव्हा काहीतरी करावंच लागतं, म्हणून मी नकाशा काखेत मारून सासुरवाडीला निघालो. टँकर चालू करून द्यायला नव्हे हो! पाड्यावरच्या लोकांना त्यांची तळी दाखवून द्यायला. मला खरंच वाटत होतं की तळी आहेत आणि यांचंच लक्ष नाही. चूक माझी असेल ही शक्यता माझ्या मनाला शिवलीसुद्धा नव्हती.

मोखाड्याहून जीपने जाऊन पाड्यावर उतरलो. सासूबाई, गोजाबाई त्यांचं नाव, अंगणात रिकाम्या हंड्यांच्या ओळीपाशी बसल्या होत्या. पाणी विचारायची पद्धत आहे म्हणून त्यांनी विचारलं आणि नको म्हणायची अक्कल मला होती. मी मोबाईलवर नकाशा उघडला. सर्वांत जवळचं तळं त्यांच्याच घरामागे होतं. मोबाईलमध्ये डोळे घालून मी पुढे, मागून सासूबाई, सासरे देवराम, नवरदेव उमेश आणि निम्मा पाडा. डावीकडे वळलो, बांध ओलांडला, आणि मोबाईलवरचा माझा ठिपका निळ्या रंगात शिरला. म्हणजे मी आता तळ्यात होतो. खाली पाहिलं तर माझे पांढरे बूट घोट्यापर्यंत राखेत रुतले होते.

मी राबात उभा होतो.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. आमच्याकडे भाताची रोपं करायच्या जागेवर शेण, पालापाचोळा, कवळं म्हणजे झाडांच्या छाटलेल्या डहाळ्या, असं थरावर थर रचून उन्हाळ्यात पेटवून देतात. जमीन भाजून काळी कुळकुळीत होते, त्या राखेत पुढे बी पेरायचं. त्याला राब म्हणतात. प्रत्येक घराचा राब असतो, चौकोनी आणि नीटनेटका. मी स्वतः मामाकडे राब भाजलेत, भुवया जाळून घेतल्यात. पण ते सगळे बाजूने बघितलेले! वरून राब कसा दिसतो हे मला जन्मात कुणी दाखवलं नव्हतं.

"जावय," सासूबाई शांतपणे म्हणाल्या, "जपून. तळ्यात बुडाल."

पाडा हसला. हसण्यासारखंच होतं. पण हसून झाल्यावर सगळे पुन्हा त्या रिकाम्या हंड्यांपाशी जाऊन बसले आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दुसऱ्या दिवशी साहेबांसमोर उभं राहून मी सगळं सांगून टाकलं. ती तळी नाहीत, राब आहेत, टँकर चालू करा, लग्न तोंडावर आलंय. साहेबांचा चेहरा पडला. नकाशा जिल्ह्याला गेलाय, त्यांचं म्हणणं पडलं, तिथे टाळ्या पडल्यात, आता तळी नाहीत असं सांगता येणार नाही. मी म्हटलं, पण ती नाहीतच. त्यांनी पंख्याकडे बघत बराच विचार केला आणि मग त्यांच्या तोंडावर हसू उमटलं.

"नाहीत म्हणता येणार नाही. पण आटली, असं म्हणता येईल."

त्या दुपारी मी चारशे तळी आटवली. निळ्याची फिकट निळी केली, एवढंच. आणि काय सांगू, टँकर मंजूर! जे पाड्याने महिनाभर हेलपाटे घालून झालं नसतं ते रंग बदलून झालं. हर्षदाने संध्याकाळी चहात साखर घातली. मी सर्टिफिकेटवरची धूळ पुसली.

हळदीच्या सकाळी आम्ही पाड्यावरच होतो. टँकरचा हॉर्न ऐकू आला आणि बाया हंडे घेऊन विहिरीकडे पळाल्या. टँकर विहिरीपाशी आला, विहिरीपाशी थांबला नाही, सरळ सासूबाईंच्या घरामागे गेला. माघ्या ड्रायव्हर उतरला आणि पाइप ओढत राबाकडे निघाला. त्याच्याकडे लेखी हुकूम होता : पाणी आटलेल्या तळ्यात सोडणे.

अख्खा टँकर राबात! राख वाहून गेली असती, खालची भाजलेली माती वाहून गेली असती, यंदाची रोपं गेली असती. म्हणजे लग्नाचंही पाणी नाही आणि वर्षाचं भातही नाही. सासूबाई राबाच्या मधोमध जाऊन पाय फाकवून उभ्या राहिल्या. हळदीची पाटी एका हातात तशीच होती.

"आधी मला भिजव," त्या माघ्याला म्हणाल्या, "मंग माझा राब."

माघ्या काही वाईट माणूस नव्हता. त्याचं म्हणणं, तळ्यात पाणी पडतानाचा फोटो नेला नाही तर आपलं बिल अडकतं, विहिरीचा फोटो चालणार नाही. विहीर हुकमात नाही. बाया त्याच्यावर तुटून पडल्या. तो सासऱ्यांकडे बघायला लागला, सासरे उमेशकडे, उमेश माझ्याकडे, आणि मग सगळेच माझ्याकडे. शेवटी नकाशे काढणारा मीच!

मला युक्ती सुचली, आणि आजवर मला सुचलेल्या युक्त्यांमध्ये ती मला सर्वांत चांगली वाटली होती. राबाच्या एका कोपऱ्यात दोन हंडे पाणी सोडायचं, पाइप तिथे धरायचा, फोटो काढायचा आणि उरलेला सगळा टँकर विहिरीत. सगळ्यांना पटलं. फोटो मीच काढला. प्रशिक्षण घेतलेला माणूस मी, कोन मला कळतो! पोटावर आडवा पडून असा काढला की ते डबकं क्षितिजापर्यंत पसरलेलं दिसावं. काळ्या राखेवर पाणी, पाण्यात आभाळ, काठाला पाइप.

लग्न थाटात झालं. पंगती उठल्या, भांडी घासली गेली, पाहुण्यांचे पाय धुतले गेले. सासऱ्यांनी भर मांडवात मला टोपी घातली. सासूबाई आल्या-गेल्याला सांगत होत्या की जावय शिकलेले हायत म्हणून निभावलं. मलाही ते पटत होतं.

सोमवारी ऑफिसात गेलो तर साहेबांच्या पडद्यावर मीच काढलेला तो फोटो. एका टँकरमध्ये तळं काठोकाठ भरलं म्हणून त्यांचा आनंद मावत नव्हता. त्यांनी मला मिठी मारली. फोटो जिल्ह्याला गेला होता. तळी पूर्ववत भरल्यामुळे टँकरची गरज संपली, असा शेराही मारून झाला होता. आता ती तळी पुन्हा निळी करायचं काम माझ्याकडे होतं.

ती मी अजून केलेली नाहीत. त्याने काही फरक पडत नाही, टँकर कधीच बंद झालाय. रोज ऑफिस सुटलं की मोटारसायकलला दोन कॅन बांधून मी हेदीच्या पाड्यावर जातो. हर्षदाने तसं ठरवून टाकलंय. दोन कॅन म्हणजे पाड्याच्या घशाला ओलही नाही, पण सासूबाई त्यातलंही अर्धं शेजारच्या धोंडीबाईला देतात. मी कॅन उतरवतो, कुणाशी फार बोलत नाही, परत फिरतो.

परवा सासऱ्यांनी मला थांबवलं. कधी नव्हे ते माझ्या कामाबद्दल विचारत होते. तुमचं ते ड्रोन किती वजन उचलतं, असं त्यांनी विचारलं. मी उत्साहाने सांगितलं, एक कॅमेरा.

त्यांनी भरलेला कॅन एका हाताने उचलून तोलून बघितला.

"मंग काय उपेग," ते म्हणाले.