तीन हात आणि एक फुलदाणी

“व्हॉलीबॉल? अगं, तो तर माझ्या डाव्या हातचा मळ! कॉलेजात माझा खेळ बघायला गर्दी व्हायची गर्दी!”

हे वाक्य हळूकाकांनी लेक पाचवीत असताना जेवता जेवता टाकलं होतं. पोरीनं घरात कोंडून न घेता मैदानावर जावं, एवढाच त्यात हेतू. थाप तशी लहानशीच होती. पण थापेला खायला-प्यायला घालावं लागत नाही, ती आपली आपणच वाढते! लेक मैदानावर गेली, तिथेच रमली आणि दहावीत शाळेच्या संघाची कर्णधार झाली. मग एका सोमवारी दप्तर टाकता टाकता म्हणाली, “बाबा, पुढच्या शनिवारी आमच्याविरुद्ध पालकांचा संघ खेळणार आहे. तुमचं नाव मी सगळ्यात आधी दिलं!”

हळूकाकांचा चहा नाकात गेला. कॉलेजात व्हॉलीबॉलशी त्यांचा संबंध एवढाच आला होता, की जाळीचा खांब रोवताना त्यांनी तो पाच मिनिटं धरला होता.

“सांगून टाका की खरं,” बायको स्वयंपाकघरात कुजबुजली.

“आणि तिच्या नजरेतून उतरू? छट! बारा दिवस आहेत. बावीस वर्षं काच हाताळतोय मी, आजवर एक पेला फुटला नाही माझ्या हातून. चेंडू तर फुटतही नाही!”

यात मात्र थाप नव्हती. काचेच्या कारखान्यात ते पॅकिंग विभागाचे प्रमुख. दिवसातून शंभरदा “हळू! हळू!” म्हणायचे, म्हणून हळूकाका. त्यांच्या विभागाचा एक कडक नियम होता. वस्तू दुसऱ्याच्या हातात दिली, तरी त्यानं “घेतलं!” म्हटल्याशिवाय आपली बोटं सोडायची नाहीत. आणि काही पडताना दिसलं, तर हातातलं काम टाकून आधी ते झेलायचं.

मंगळवारी कारखान्यात जेवणाच्या सुट्टीत खोक्यांच्या दोन थप्प्यांमध्ये जाळी म्हणून दोरी बांधली गेली. सरावाच्या संघात गवतवाल्या मावशी होत्या, म्हणजे खोक्यात काचेखाली गवत अंथरणाऱ्या. ‘शिडी’ होता, म्हणजे ज्याला वरच्या फळीवरचं काढायला शिडी लागत नाही असा हमाल. हजेरी लिहिणाऱ्या टाइमकीपरला खेळता येत नव्हतं, पण वाचता येत होतं आणि त्याच्याकडे शिट्टीही होती, म्हणून तो पंच. हळूकाकांनी वाचनालयातून नियमांचं पुस्तक आणलं होतं.

टाइमकीपरनं चेंडू टाकला. हळूकाकांनी तो अलगद झेलला, पोटाशी धरला आणि मावशींकडे दिला. मावशी म्हणाल्या, “घेतलं!” मग हळूकाकांनी बोटं सोडली. मावशींनी तो शिडीला दिला. शिडी म्हणाला, “घेतलं!” आणि त्यानं वाकून चेंडू गवतात ठेवला.

फुर्रर्र! शिट्टी वाजली.

“चेंडू धरायचा नाही!” टाइमकीपर पुस्तकात बोट घालून म्हणाला.

“मग पडू द्यायचा?”

“पडूही द्यायचा नाही.”

“धरायचा नाही, पडू द्यायचा नाही, मग करायचं काय त्याचं?” मावशींनी कमरेवर हात ठेवले.

“नुसता टोलवायचा. तीन हातांत पलीकडे गेला पाहिजे. आणि एकानंच लागोपाठ दोनदा हात लावायचा नाही.”

“तीनच का?” हळूकाकांनी विचारलं. आता त्यांना खरोखरच जाणून घ्यायचं होतं. “चौथा लावला तर काय होतं?”

“गुण जातो.”

“हो, पण का?”

टाइमकीपरनं पान उलटून पाहिलं. मागे कारण दिलेलं नव्हतं. मग सुट्टीची उरलेली वीस मिनिटं त्यावरच चर्चा झाली. शेवटी मावशींनी निकाल दिला, “एकानं वाचवायचा, दुसऱ्यानं सावरायचा, तिसऱ्यानं कामाला लावायचा. चौथ्याला उरतंय काय?” हे सगळ्यांना पटलं.

असं करत करत रोज एकेक नियम उलगडत गेला. सर्व्हिस मागच्या रेषेबाहेरून करायची. जाळीला शिवायचं नाही. समोरच्यांकडून सर्व्हिस आपल्याकडे आली, की संघातल्या सहाही जणांनी घड्याळाच्या काट्यासारखी एकेक जागा पुढे सरकायची. “म्हणजे माझ्यासारख्या उंचानंही मागे जायचं?” शिडीनं दुखावून विचारलं. “जायचं!” टाइमकीपर म्हणाला. हळूकाकांना ते फार आवडलं. या खेळात कुणालाच आपली जागा अडवून बसता येत नव्हतं.

पण जित्याची खोड जाता जाईना! चेंडू आला की हात आपोआप झेलायला उघडायचे. टाइमकीपरची शिट्टी वाजून वाजून घोगरी झाली. शेवटी हळूकाकांनी मनगटं रुमालानं बांधूनच सराव सुरू केला. गुडघे वाकवायचे, हात जोडून सरळ धरायचे, चेंडू कोपराच्या खालच्या भागावर घ्यायचा! बुधवार गेला, गुरुवार गेला, रविवारी तर त्यांनी घरी भिंतीशी दोनशे वेळा केलं. आणि दुसऱ्या मंगळवारी एकदम जमलं! इतकं जमलं, की बायकोनं “घ्या हो” म्हणून लिंबू टाकलं, तर ते ठप्पकन उडून पंख्यावर गेलं.

“झेलायचं होतं ते!” बायको ओरडली.

“झेलणं फाउल आहे,” हळूकाका अभिमानानं म्हणाले.

गुरुवारी, म्हणजे दहाव्या दिवशी, दुपारी व्यवस्थापक साहेब स्वतः विभागात आले. हातात निळ्या काचेची फुलदाणी होती. कारखान्यातल्या सगळ्यात जुन्या कारागिरानं महिनाभर खपून घडवलेली. प्रदर्शनाला जायची होती.

“हळूकाका, ही फक्त तुमच्या हातात देतोय,” साहेब म्हणाले आणि त्यांनी ती पुढे केली. आता साहेब पडले साहेब! विभागाचा नियम त्यांना कुठून ठाऊक असणार? “घेतलं!” ऐकायच्या आधीच त्यांनी हात सोडले.

फुलदाणी खाली निघाली.

दहा दिवसांपूर्वीच्या हळूकाकांनी ती डोळे मिटून झेलली असती. आताच्या हळूकाकांचे गुडघे वाकले, हात जुळले आणि ठप्प! फुलदाणी सुरेख कमान करून वर गेली. मावशींनी ती दहा बोटांवर अलगद उचलून अजून तशीच बांधलेल्या दोरीजवळ दिली. शिडीनं उडी मारली. काय उडी होती महाराजा! आणि त्यानं फुलदाणी सणसणीत दोरीपलीकडे हाणली.

खळ्ळकन आवाज आला. त्यामागून फुर्रर्र! टाइमकीपरचा एक हात वर होता, गुण देण्यासाठी.

निळे तुकडे गवतात घरंगळत गेले.

“हे... हे काय होतं?” साहेबांनी कसंबसं विचारलं.

“तीनच हात लागले साहेब,” मावशी म्हणाल्या. “मोजून तीन.”

साहेबांनी फक्त एक कोरा फॉर्म पुढे केला. ‘वस्तू फुटल्याचा अहवाल’. उद्या दहाच्या आत, टाइप करून. बावीस वर्षांत हळूकाकांना तो फॉर्म कधी भरावा लागला नव्हता. आणि टाइप करायला घरात एकच माणूस होतं.

संध्याकाळी लेक संगणकाशी बसली. “वस्तू, फुलदाणी. वेळ, दोन चाळीस. कारण?”

“हातातून... म्हणजे हातावरून...” हळूकाका चाचरले. खोटं लिहावं, तर दोष साहेबांवर गेला असता, नाहीतर मावशींवर. “लिही. पॅकिंगप्रमुख आयुष्यात पहिल्यांदाच व्हॉलीबॉल शिकत होते.”

लेकीची बोटं थांबली. “पहिल्यांदाच?”

“पहिल्यांदाच.”

“आणि ती कॉलेजातली गर्दी?”

“नव्हती गं. मीच नव्हतो मैदानावर, तर गर्दी कुठली?”

तिनं कीबोर्ड बाजूला सरकवला. हळूकाकांना वाटलं, फुलदाणीपेक्षा मोठं काहीतरी आता फुटणार. त्यांना मनापासून लाज वाटत होती.

“मी हा खेळ तुमच्यासारखं व्हायचं म्हणून सुरू केला होता, बाबा,” ती म्हणाली.

“माहीत आहे.”

“हरले की तुम्हाला आठवायचे. म्हणायचे, बाबा असते तर हा चेंडू सोडला नसता.”

हळूकाकांनी फुलदाणीची सगळी हकिगत तिला सांगून टाकली. मग तिनं खुर्ची त्यांच्याकडे वळवली.

“मावशींनी उचलली ती बोटांनी, का तळव्यांनी?”

“बोटांनी! दहाच्या दहा!”

“आणि पडली कुठे? रेषेच्या आत, का बाहेर?”

हळूकाका चमकले. दहा दिवस प्रत्येक गोष्टीचं ‘का’ विचारणाऱ्या माणसाला हे सुचलंच नव्हतं! “रेषा आम्ही आखलीच नव्हती,” ते ओशाळून म्हणाले.

“अरे देवा!” ती हसायला लागली, आणि डोळे पुसत हसतच राहिली. “उद्या सकाळी सहाला मैदानावर या. पहिल्यापासून शिकवते. पण यापुढे एकही थाप नाही!”

हळूकाकांच्या छातीवरचं ओझं उतरलं. दुसऱ्या दिवशी ते पावणेसहालाच मैदानावर हजर झाले. गुडघे वाकलेले, पाठ सरळ, हात जुळलेले, नजर समोर! लेकीला दाखवायचंच होतं, की दहा दिवस काही वाया गेलेले नाहीत. ती आली, चेंडू काखेत धरून उभी राहिली आणि तिनं त्यांना खालपासून वरपर्यंत न्याहाळलं.

“उभं राहणं अगदी पुस्तकातल्यासारखं आहे, बाबा,” ती म्हणाली. “आता फक्त जाळीकडे तोंड करा.”