बेडकांचा निर्वंश

बेडकाच्या बाबतीत मला कोणी काही शिकवू नये. मी शास्त्राचा मास्तर. दरवर्षी फळ्यावर बेडकाची आकृती काढतो आणि ती इतकी हुबेहूब येते की मागच्या बाकावर झोपलेला सदूसुद्धा डोळे उघडतो. त्यामुळे मुर्धा गावात आमच्या घरामागच्या बागेत बेडकांनी बिऱ्हाड थाटलं, तेव्हा मी बायकोला छातीठोक सांगितलं, "आठवड्याभरात बाग मोकळी करून देतो." आनंदी भेंडी चिरत राहिली.

आता बेडूक बागेत असले तर बिघडलं कुठे, असं तुम्ही म्हणाल. आनंदीही तेच म्हणाली. राहू देत, डास खातात. पण रात्री कोण ओरडतं? डास की बेडूक? मी ह्या कुशीवरून त्या कुशीवर. एक थांबला की दुसरा सुरू. आणि सगळे एकदम थांबले, की आता पुन्हा कधी सुरू होतात ह्या काळजीने मी जागा! वर्गात खडू घेऊन उभा राहिलो तरी माझा एक पाय प्रयोगातल्या बेडकासारखा आपोआप हलायचा.

पोत्यात भरून खाडीवर सोडायचं ठरवलं, तर एकही हाताला लागेना. शाळेच्या शिपायाने बागेत धामण सोडायचा सल्ला दिला. धामणीचं पुढे काय करायचं, ते त्याने सांगितलं नाही. शेवटी मला शास्त्र आठवलं. बेडकाची कातडी ओलसर, तिला मीठ सोसत नाही. आणि मिठागरांच्या गावात मिठाला काय तोटा! मी पाटीभर जाडं मीठ आणून ठेवलं.

पावसाने उघडीप दिली त्या संध्याकाळी मी उघड्या अंगाने पाटी कमरेवर घेतली आणि कुंपणाच्या कडेकडेने मूठ-मूठ मीठ टाकत निघालो. इतक्या रात्रींचा राग साठलेला, तोंड गप्प बसेना. "निघा इथून! पुन्हा दारात दिसू नका! तुमचा निर्वंश होवो!" असं पुटपुटत मी सबंध बागेला फेरी घातली. त्या दिवशी अमावास्या होती. शास्त्राच्या मास्तराला तिथीशी काय करायचंय?

कुंपणापलीकडे शेजारची हौसाबाई उभी होती, हे मला दिसलं नाही. तिची सून चंपा पोटुशी होती, नववा लागलेला. आणि आमच्या आळीत गोड पाण्याची विहीर एकच, हौसाबाईची. बाकी सगळ्या विहिरींत खाडी मुरलेली. त्या पाण्याचा चहा मचूळ लागतो आणि डाळ संध्याकाळपर्यंत शिजत नाही.

सकाळी आनंदी रिकामा हंडा घेऊन परत आली. विहिरीच्या काठावर हौसाबाई ठाण मांडून बसली होती. आनंदीला ती एवढंच म्हणाली होती, "तुज्या नवऱ्याला बोल, पानी पन मंत्रून आन." आमच्या पायरीवर टाचण्या टोचलेलं लिंबू पडलं होतं.

तिसऱ्या दिवशी भेंडी माना टाकून उभी राहिली आणि तेरडा जळून गेला. आनंदी म्हणाली, लिंबाचा गुण. मी म्हणालो, मिठाचा. ती म्हणाली, मिठाने भेंडी मेली तर बेडूक का नाही मेले? हा प्रश्न बिनतोड होता. मीठ लागल्यावर बेडूक पळतो असं पुस्तकात आहे. कुठे पळतो ते दिलेलं नाही. तो मोरीत पळतो. मोरीत त्याचा आवाज घुमतोही छान.

मचूळ चहाने हैराण होऊन मी हौसाबाईकडे गेलो. मीठ बेडकांसाठी होतं, हे शास्त्रासकट समजावलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं. मग विचारलं, "बेडकांना कोन निर्वंश होवो बोलतं काय, मास्तर?"

हे मलाही आता जरा विचित्र वाटायला लागलं होतं.

करणी उतरवणाऱ्या धाकू भगताला बोलावणं गेलं. त्याने निकाल दिला की ज्याने टाकलं त्यानेच उचलायचं, आणि चारचौघांत कबूल व्हायचं. माझी बाजू मांडायला मी तोंड उघडलं, तेवढ्यात आनंदीने माझ्या हातात नारळ दिला. माणूस चंद्रावर जाऊन आला त्याच वर्षी, मी हौसाबाईच्या अंगणात उभा राहून आळीदेखत बोललो की, करणी मी केली, ती मी मागे घेतो. मग ओणवा होऊन कुंपणाकडची खारट माती हातांनी उकरली. इतकी लाज मला लग्नातही वाटली नव्हती. पण विहीर मोकळी झाली. दुपारचा चहा पिताना मला भरून आलं.

त्याच आठवड्यात चंपा बाळंत झाली. जुळं! निर्वंश मागे घेतला तर हा एवढा वंश, असं आळीने ठरवून टाकलं. रस्त्यात माणसं मला वाट द्यायला लागली. शास्त्राच्या तासाला कधी नव्हे ती शांतता.

मग एका सकाळी हौसाबाई स्वतः डोक्यावर पाण्याचे दोन हंडे घेऊन आमच्या दारात आली. ती तलाठ्यालाही अरे-तुरे करते, पण त्या दिवशी आवाज अगदी मऊ होता.

"मास्तर, पालीला माजी ननंद ऱ्हाते. लय वंगाल बाई. तिच्या अंगनात टाकशील काय जरासं मीठ?"

मी ताठ झालो. म्हणालो, "हौसाबाई, मी देवाशपथ सांगतो, ते मीठ बेडकांसाठी होतं."

"तसंच सांगायचं," ती म्हणाली. "कोनी विचारलं तर बोल, बेडकांसाठी टाकतोय."

मी आत आनंदीकडे पाहिलं. तिने हौसाबाईच्या डोक्याकडे पाहिलं. हंडे काठोकाठ भरलेले होते आणि ते खाली उतरवायची हौसाबाईला काहीच घाई दिसत नव्हती.

"अंगण केवढं आहे त्यांचं?" मी विचारलं.