ओगले गुरुजींचा आवाज

ओगले गुरुजी वाईचे. त्यांच्या घरात ज्याने आवाज चढवला तो वादात हरला, असं समजत. त्यामुळे घरातले सगळेच जिंकलेले आणि कुणाचंच कुणाला ऐकू जात नसे. हा दबका आवाज घेऊन ते तारापूरच्या बाजूला, खाडीकाठच्या एका मच्छीमार पाड्यावर शिक्षक म्हणून आले. नोकरी तात्पुरती होती. तपासणी नीट झाली तर कायम, आणि नोकरी कायम झाली तरच साताऱ्याचे एक वधूपिता होकार देणार होते.

पहिल्या दिवशी ते वर्गाला हळूच म्हणाले, "मुलांनो, बसा." गलका करणारी पोरं एकदम गप्प झाली आणि माना खाली घालून बसली. आपल्या व्यक्तिमत्त्वात काहीतरी आहे, असं गुरुजींना वाटलं.

संध्याकाळी शेजारची मैनाबाई ताट घेऊन आली. ही बाई घरात मीठ मागायची ते होडीवर ऐकू जायचं. पण गुरुजींच्या ओटीवर ती अगदी खालच्या आवाजात बोलली.

"डाळ-भात हाय. मासळी नाय घातली."

आपण शाकाहारी आहोत हे न सांगता ओळखणारं गाव पाहून गुरुजींचे डोळे ओले झाले. ते पाहून मैनाबाईनेही पदर डोळ्यांना लावला. "खावा गुरुजी. जीव तर राखाया पायजे."

पुढे शाळेवरून जाताना टोपल्या घेतलेल्या बायका गप्प होत. धर्माजी तांडेलाची शिवी भर वाऱ्यातही दुसऱ्या होडीला पोचे; पण गुरुजी दिसले की तो टोपी काढून उभा राही. पाढे कुजबुजत म्हटले जात. गुरुजी शिस्तीवर खूश होते.

मग तपासणीचे साहेब आले. त्यांनी पाढा विचारला. मुलं पुटपुटली. साहेबांनी कानामागे हात धरला. मुलं पुन्हा पुटपुटली.

"पोरं आजारी आहेत का हो?"

"शिस्त आहे, साहेब."

"तशी ती मसणातही असते. पावसाळ्याआधी मी परत येईन. तेव्हाही काही ऐकू आलं नाही, तर तुम्ही आपलं वाईला जा."

गुरुजी तडक धर्माजीकडे गेले. "तुमची मुलं बोलत का नाहीत?"

जाळं विणणारा धर्माजी थांबला. "तुमच्या घरी मयत झाली ना. दुखवट्याच्या माणसापुढं आमी मोठ्यानं बोलत नाय. म्हणून तर मैनीनं मासळी नाय आणली."

"कोणाची मयत?"

"ते आमी कसं विचारायचं? माणूस आपणहून सांगतं."

"अहो, घरी सगळे सुखरूप आहेत."

धर्माजीने जाळं खाली ठेवलं. "मंग असं बोलता कशाला?"

दुसऱ्या दिवसापासून त्याने गुरुजींना किनाऱ्यावर उभं केलं. "ती होडी दिसते? तिच्यावरच्या बुधाला हाक मारा."

गुरुजींनी मारली.

"ही देवाला ऐकू गेली. आता बुधाला मारा."

गुरुजींचा घसा बसला, सुजला, पुन्हा बसला. अखेर एका संध्याकाळी होडीवरून बुधाची शिवी परत आली. धर्माजी म्हणाला, "पोचलं."

साहेब दुसऱ्यांदा आले ते बांधावरच थबकले. शाळेतून पाढ्यांची आरोळी उठत होती. तेवढ्यात मैनाबाई दारातून ओरडली, "अवो सायब, चा पिता, का उनात उभं राहून मरता?" साहेब मागे सरले. उत्तरं मात्र सगळी आली, न विचारलेल्या प्रश्नांचीसुद्धा.

जाताना साहेबांनी गुरुजींना बाजूला घेतलं. "तुम्ही कायम झालात असं समजा. पण हे गाव फार भांडखोर आहे. तुमच्यासारख्या सज्जन माणसाच्या घशाचे हे हाल बघवत नाहीत. मी तुम्हाला पालघरला आणतो."

"नको साहेब, मला इथंच राहू द्या," गुरुजी होडीवर ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले.

"बघा, किती त्रास झालाय तुम्हाला," साहेब म्हणाले.

साताऱ्याचा होकार आला, आणि बदलीचा हुकूमही. निघायच्या दिवशी ट्रंक घेऊन गुरुजी एसटीच्या फाट्यावर पोचले, तर सगळा पाडा तिथे उभा. गुरुजींनी आता सवयीच्या झालेल्या खणखणीत आवाजात विचारलं, "काय मंडळी, आज इकडे कुठे?"

कुणी ओरडून उत्तर दिलं नाही. धर्माजीने टोपी काढली. मैनाबाईने फडक्यात बांधलेला डबा पुढे केला आणि शेजारच्यालाही ऐकू जाणार नाही इतक्या हळू म्हणाली, "डाळ-भात हाय. मासळी नाय घातली."

कोण गेलं, हे गुरुजींनी विचारलं नाही.