सर्वानुमते शेवंड

लोकशाहीत प्रत्येकाला मत विचारतात, आणि मग भांडणं होतात. सुसंस्कृत मराठी माणसांतही प्रत्येकाला मत विचारतात, पण ते कुणी देत नाही. त्यामुळे आमच्या वायव्य लंडनमधल्या मराठी मंडळींत इतक्या वर्षांत एकही भांडण झालेलं नाही. (गणपतीच्या जेवणात बटाट्याची भाजी कुणी करायची यावरून दोन कुटुंबं अजून बोलत नाहीत, पण त्याला मतभेद म्हणतात.)

या पद्धतीचे नियम सोपे आहेत. 'काय हवं?' असं विचारल्यास 'काहीही चालेल' म्हणावं. दुसऱ्याला काय हवं असेल याचा अंदाज करावा आणि आपल्यालाही तेच हवं असल्याचं सांगावं. कुणी काही देऊ केलं तर निदान तीनदा 'नको' म्हणावं. पहिल्या दोन नकारांना अर्थ नसतो. पद्धत इतकी निर्दोष आहे की ती पाळून आजवर कुणालाही हवं ते मिळालेलं नाही, आणि त्यात कुणाचाही दोष निघालेला नाही.

स्टॅनमोरच्या सुप्रभाताईंनी ही पद्धत लग्नापासून निष्ठेने पाळली होती. म्हणूनच बॉस्टनला जे घडलं ते कुणाला खरं वाटलं नाही.

छोट्याशा सहलीला चौघं निघाली: सुप्रभाताई, त्यांचे यजमान श्रीकांत, म्हणजे हाडांचे निवृत्त डॉक्टर, आणि स्लाऊचे त्यांचे जुने स्नेही रघुवीर आणि वैजयंती. बॉस्टन कुणी निवडलं हे शेवटपर्यंत कळलं नाही. प्रत्येकाला वाटलं होतं, ते बाकीच्यांना आवडेल.

सुप्रभाताईंना मात्र तिथे एक गोष्ट मनापासून हवी होती. शेवंड. लहानपणी अलिबागला कोळणीच्या पाटीत त्यांनी ती पाहिली होती, लांब मिशांची, ओल्या गोणपाटाखाली सरसरणारी. पण शेवंड मुंबईच्या हॉटेलांत जायची, घरात चिमुकली, स्वस्त मांदेली यायची. लंडनमध्येही लॉबस्टर मिळतो, पण चांगल्या घरातल्या बाईला स्वतःसाठी लॉबस्टर मागवायला काही कारण लागतं. बॉस्टनमध्ये ते आयतंच मिळतं. शेवंड खाणं तिथे स्थलदर्शनात मोडतं. शिवाय तिथल्या शेवंडीला चांगल्या जाडजूड नांग्या असतात, आणि परतल्यावर लगेच सुप्रभाताईंचे खालचे दात काढायचे ठरले होते. कवळीने पेज खाता येते. नांगी फोडता येत नाही.

पहिल्या संध्याकाळी चौघं बंदरावरच्या एका रेस्टॉरंटपाशी उभी राहिली. दारातच काचेची टाकी होती, आत शेवंडी.

"सुप्रभा, तुला हवं ते खाऊ या," वैजयंती म्हणाली.

"माझं काही नाही गं. तुला काय आवडेल?"

"मला काहीही चालतं. यांना विचार."

"डॉक्टर ठरवतील," रघुवीर म्हणाले.

"छे, आज वहिनी म्हणतील तसं," डॉक्टर म्हणाले आणि वैजयंतीकडे पाहू लागले.

अशा वेळी पद्धत आपोआप सर्वांना चालेल असा पदार्थ शोधून काढते. तो म्हणजे कुणालाच न आवडणारा. चौघांनी शेजारच्या दुकानात चीज पिझ्झा खाल्ला. "बरा होता, नाही?" असं प्रत्येकाने एकेकदा विचारलं.

दुसऱ्या दिवशी ऐतिहासिक स्थळं. बॉस्टनच्या नगररचनेचं कौतुक करावं तेवढं थोडं. त्यांनी फुटपाथवर लाल विटांची एक रेघ आखली आहे. तिच्यावरून चालत गेलं की जुनी चर्च, दफनभूमी, सभागृहं ओळीने येतात. कुणाला काही ठरवावं लागत नाही. चौघं अत्यंत आनंदात होती. दुपारी रेघेने जेवणाबद्दल काहीच सुचवलं नाही, तेव्हा चौघं बेगल नावाच्या कोरड्या पावावर थांबली.

मग चहाचं जहाज. पूर्वी इथल्या लोकांनी ब्रिटिशांचा चहा बंदरात फेकून आपल्याला काय नको ते राजाला तोंडावर सांगितलं. (असा उद्धटपणा केला की माणसं वेगळी राहू लागतात.) आता प्रवाशांना दोरी बांधलेली खोटी खोकी फेकू देतात. जुन्या काळचा कोट घातलेला माणूस ओरडला, "कोण पहिलं फेकणार?"

"रघुवीर, तुम्ही."

"छे छे, वहिनी, तुम्ही."

"मागच्यांना जाऊ दे ना आधी!"

मागची सगळी रांग चहा फेकून गेली. मग जहाज बंद झालं.

संध्याकाळी नातीचा, मायराचा फोन आला.

"आजी, लॉबस्टर खाल्ली?"

"अगं, इथं सगळ्यांचं बघावं लागतं."

"बट आजी, तुला काय पाहिजे?"

प्रश्न फारच खाजगी होता. सुप्रभाताईंनी तिकडची हवा विचारली.

शेवटच्या दुपारी, विमानाआधी, चौघं पुन्हा त्याच टाकीपाशी आली आणि या वेळी आतही गेली, कारण बाहेर उभं राहून पाय दुखत होते. वेट्रेस आली. "आमचं काय, काहीही," तिघांनी सुरू केलं.

"मला शेवंड हवी आहे," सुप्रभाताई म्हणाल्या.

तिघांनी एकदम मेनूकार्डं खाली ठेवली.

"अगं, मग बोलली का नाहीस?" वैजयंती किंचाळली. "मी पहिल्या दिवसापासून तोंड दाबून बसलेय!"

"मीही," रघुवीर म्हणाले.

"मला वाटलं, तुला वास सहन होत नाही," डॉक्टर म्हणाले. "मी तर गेली कित्येक वर्षं..."

वेट्रेस टाकीपर्यंत जाऊन आली. एकच उरली होती.

"सुप्रभाला द्या," तिघं एकदम म्हणाली. हे पद्धतीला धरूनच होतं. आता सुप्रभाताईंनी 'छे, मला कुठली एवढी संपायला' असं म्हणायचं, तिघांनी नको नको करायचं आणि शेवटी चौघांना एकेक घास यायचा.

"थँक यू," सुप्रभाताई म्हणाल्या.

तिघांनी थोडं थांबून पाहिलं. पुढे काही आलं नाही. शेवंड आली.

गळ्यात लॉबस्टरचं चित्र असलेलं लाळेरं बांधून त्यांनी पहिली नांगी उचलली आणि फोडायचा चिमटा बाजूला ठेवून ती आपल्याच दातांनी फोडली. लोणी मनगटावरून ओघळलं.

"जड जाईल हं तुला," डॉक्टर म्हणाले.

"नाही जाणार."

"कशी आहे गं?" वैजयंतीने नांगीकडे बघत विचारलं.

"गोड आहे," सुप्रभाताई म्हणाल्या आणि दुसरी नांगी घेतली. मग पाठ, शेपूट, आणि एकेक बारीक पाय चोखून. तिघांनी चिप्स खाल्ल्या.

ही बातमी वेम्बलीपर्यंत पोचली आहे. मंडळात कुणी त्यांना थेट बोलत नाही; सगळे सुसंस्कृत आहेत. फक्त 'तुम्हाला काय हवं?' असं त्यांना आता कुणी विचारत नाही, कारण त्या सांगतील.

अशा कोत्या मनाच्या लोकांना तुम्ही हसत असाल, तर योग्यच आहे. फक्त दुसरी नांगी उचलली गेली तेव्हा, निदान वैजयंतीला तरी एकदा विचारायला हवं होतं बाईने, असं तुमच्या मनात आलं की नाही, तेवढं सांगा. नाही सांगितलंत तरी चालेल.