अंजीर आणि आरामखुर्ची

बंद पडलेलं अंजीर आइस्क्रीम पुन्हा बाजारात आलं, तेव्हा निवृत्त दंतवैद्यांच्या पदरात दोन गोष्टी पडणार होत्या. एक, सहा वर्षं हुकलेली चव. दुसरी, मेहुण्याचं बंद तोंड. पहिली गोड होतीच. दुसरी त्याहून गोड.

डॉक्टर निवृत्त झाले त्याच वर्षी कंपनीनं ते आइस्क्रीम बंद केलं. तेव्हापासून दुसरं कुठलंही पुढ्यात आलं, की पहिल्या चमच्यालाच ते म्हणत, "आमच्या अंजिराची सर नाही." दर महिन्याला कंपनीला पत्र, दर रविवारी घरच्यांना भाषण. दवाखान्याच्या भिंतीवर 'गोड टाळा' अशी पाटी लावून हे गृहस्थ तीस वर्षं त्याच भिंतीमागे, दोन रुग्णांच्या मधल्या वेळात, औषधांच्या फ्रिजमधून डबा काढून उभ्याउभ्या चार चमचे हाणत. डबा घरी ठेवायची सोय नव्हती. घरात मुलं होती.

मेहुणा रविवारी जेवायला येई आणि खिडकीजवळच्या आरामखुर्चीवर डोळा ठेवून स्टुलावर बसे.

"दाजी, ते मीही खाल्लंय. साधं अंजीर. त्यात काही नव्हतं."

"तुझी जीभ म्हणजे पायपुसणं! गिळताना त्यात एक ऊब लागायची. थंडगार, तरी जिभेला चुरचुरणारं."

"आइस्क्रीममध्ये ऊब! आता मिळतंय ना? आणा. तुम्हाला ती ऊब लागली, तर मी सगळ्यांसमोर कान धरतो. नाही लागली, तर खुर्ची माझी."

"दिली!"

"अहो, ती खुर्ची माझ्या वडिलांनी दिलीय," स्वयंपाकघरातून बायको ओरडली.

"मग माझ्याही वडिलांचीच की, ताई," मेहुणा म्हणाला.

पुढच्या रविवारी डॉक्टरांनी एकदम चार डबे आणले. पहिला चमचा अंजिराचा लागला. दुसराही अंजिराचाच. "जरा विरघळू दे," म्हणून थांबले. मग "फार विरघळलं," म्हणून परत गोठवलं. तिसऱ्या वाटीला त्यांनी डोळे मिटले. खोटं बोलायला फारसे कष्ट नव्हते, पण चेहरा ऐकेना. मेहुणा उठला, आरामखुर्चीत बसला आणि पाय लांब केले.

डॉक्टर हार मानणाऱ्यांतले नव्हते. उरलेले तीन डबे त्यांनी आठवडाभर सकाळ-दुपार-संध्याकाळ, औषधासारखे खाल्ले. ऊब काही आली नाही. शनिवारी ठणका आला.

गाल धरून ते आपल्याच जुन्या दवाखान्यात गेले. आता तो एका तरुण डॉक्टरीणबाईंकडे होता. पाटी तशीच होती. रुग्णाच्या खुर्चीत ते जन्मात पहिल्यांदाच आडवे झाले.

"आ करा, सर. गोड काही खाल्लंत?"

"छे."

"सर, दाढेत अंजिराच्या बिया दिसतायत."

बाईंनी कळ थांबावी म्हणून एक बोळा भिजवून दाढेवर दाबला. डॉक्टर ताडकन उठून बसले.

"हीच!"

"दुखलं का?"

"हीच ती चव! हीच ऊब!"

"सर, हे लवंगेचं तेल आहे." बाई जरा घुटमळल्या. "तुमचा तो फ्रिज मी काढून टाकला, सांगायचं राहिलं. त्यातल्या लवंगतेलाच्या बाटलीचं बूच सैल होतं. आतल्या पिण्याच्या पाण्यालासुद्धा लवंगेचा वास यायचा. तुम्हाला कधी जाणवलं नाही?"

तीस वर्षं त्याच वासात काढलेल्या माणसाला काय जाणवणार?

"दाढ काढावी लागेल, सर. दहा अंक मोजा, तेवढ्यात होऊन जाईल."

हे वाक्य त्यांचंच होतं. दहा अंक किती लांब असतात, ते त्यांना त्या दिवशी कळलं.

रविवारी मेहुणा खुर्चीत रेलून म्हणाला, "काय दाजी, लागली का ऊब?"

डॉक्टरांच्या हाती आता पुरावा होता. पण तो मांडायचा, तर एका सैल बुचापायी कंपनीला बहात्तर पत्रं लिहिली, हे कबूल करावं लागलं असतं. शिवाय दाढेच्या जागी कापूस होता. स्टुलावर बसून त्यांनी नुसती 'नाही' म्हणून मान हलवली.

कंपनीचे चार डबे खपले. मेहुण्याला खुर्ची मिळाली, बायकोला भाषणाविना रविवार. डॉक्टरीणबाईंनी तर फीसुद्धा घेतली नाही. सगळ्यांचं भागलं, ते एका दाढेवर.