सरलष्कर हैबतरावांच्या रसदबंदीची हकीकत

श्री एकदंत प्रसन्न. वैद्यास यश, रोग्यास धीर आणि ऐकणारास हसू मिळो. शके एकोणीसशे सत्तेचाळीस, विश्वावसु संवत्सरी, एका राज्यात जे वर्तमान घडले ते लिहितो. राज्याचे नाव लिहिण्यास आज्ञा नाही. गादीवर राणीसाहेब होत्या आणि फौजेचे सरलष्कर हैबतराव, वय वर्षे एकाहत्तर, मिशा ऐशा की जेवतेसमयी त्यांची वेगळी व्यवस्था ठेवावी लागे. ऐशा मर्दास श्रावणमासी लघवीस अडू लागले आणि कंबर धरली. आपणांस अशक्तता आली ऐसे त्यांनी मनी घेतले आणि पौरुष वाढविणारे कसलेसे चूर्ण तुपातून चाटू लागले. मग कुटुंब अंबूबाई यांनी पदर खोचला, चूर्णाची बरणी उकिरड्यावर उपडी केली आणि त्यांस चिंतोपंत वैद्यांकडे नेले. पंतांनी रक्त तपासले, सुईने तुकडा काढून पाहिला आणि बोलते झाले की, "सरलष्कर, मूत्राशयाखाली प्रोस्टेट म्हणून अक्रोडाएवढी ग्रंथी असते. तिथं कर्करोगाचं बंड उठलंय आणि एक टोळी हाडांत उतरलीय."

हैबतराव म्हणाले, "तोफा लावा!"

"आधी रसद तोडू. मेंदूतून हुकूम सुटतो, मग खाली वृषणांत पुरुषरस तयार होतो. तो रस वाईट नव्हे, त्यानंच तुम्हाला या मिशा दिल्या. पण हे बंडही त्याच्यावरच पोसतंय. तीन महिन्यांस एक सुई घ्या, म्हणजे हुकूमच थांबेल."

सरलष्करांचा हात आपसूक मिशीकडे गेला. परंतु अंबूबाई समोर बसल्या होत्या, सबब सुई घेतली. आणि महिना लोटतो न लोटतो तोच अंगातून भडके उठू लागले, छातीपासून कपाळापर्यंत लाली चढावी आणि घामाने अंगरखा भिजावा. "ताप भरलाय," ऐसे ते म्हणाले.

"ताप कसला? पन्नाशीत मला हेच व्हायचं," अंबूबाई म्हणाल्या. "तेव्हा आपण म्हणाला होतात, बायकांचे चोचले!"

हैबतरावांनी अंगरखा बदलला. परंतु मनी मोठी लाज धरली की, फौजेस कळले तर सरलष्करी गेली. आणि दुसरी सुई घेणे नाही, मरण आले तरी मर्द म्हणून यावे, ऐसा निश्चय केला.

मग दसऱ्याचा दरबार भरला. त्या राज्याची चाल ऐसी की, गादीसमोर पगडी उतरविली म्हणजे पद सोडले. निशाणास मुजरा होतो तोच भडका उठला, घाम मिशांवरून तलवारीच्या मुठीवर ठिबकू लागला, डोळ्यांपुढे अंधारी आली, आणि हैबतरावांनी पगडी काढून तिनेच वारा घेतला. नायब दौलतराव कैक वर्षे याच घटकेची वाट पाहत होते, ते लगबगीने तलवार घेण्यास पुढे आले.

"सरलष्कर, पद सोडलंत?" राणीसाहेब पुसत्या झाल्या.

हैबतरावांस पेच पडला. होय म्हणावे तर पद जाते, खरे कारण सांगावे तर अब्रू. अखेर म्हणाले, "नाही सरकार. कर्करोग झालाय. पुरुषरस बंद करायचं औषध चालू आहे, त्याचा हा भडका. हसायचं तर हसा."

राणीसाहेब हसल्याच, परंतु आपला जडावाचा टोप काढून मांडीवर ठेविला. "सात वर्षं आम्ही याच गादीवर अशाच घामाघूम होऊन बसलो. तेव्हा आम्हीही राज्य सोडलं होतं म्हणायचं की काय? पंखे आणा!"

मग एकेकाने पगडी उतरविली, सर्वांमागून दौलतरावांनी, आणि भर दरबारात टकलेच टकले दिसू लागली.

दुसऱ्या सुईस हैबतराव आपण होऊन गेले. रक्तातील रोगाचा आकडा पुष्कळ उतरला होता, कंबरही मोकळी जाहली. पंत म्हणाले, "बंड दबलंय, मेलं नाही. पुढं थोडक्या रसदेवर जगायलाही शिकेल. तेव्हा दुसरी औषधं काढू, पण पहारा सोडायचा नाही."

"पहाऱ्यातच जन्म गेला माझा," सरलष्कर म्हणाले. आणि घरी येऊन पंखा हाती घेतला, त्याने अंबूबाईंस वारा घालू लागले आणि म्हणाले, "चोचले म्हणालो होतो, चुकलं माझं."

"वीस वर्षांनी सुचलं," अंबूबाई म्हणाल्या, "आता थांबू नका."

एकूण वर्तमान इतके: रसद तुटली, बंड दबले, सरलष्करी राहिली, मिशा किंचित विरळ जाहल्या. दरबारात दोन पंखे कायम जाहले आणि अंबूबाईंकडे एक. लेखणी खाली ठेविली.