हजर विद्यार्थिनीचा प्रमाद

कोंढा गावच्या राखीला दंतवैद्य व्हायचे होते. त्यासाठीच्या प्रवेशपरीक्षेचे बाकी विषय तिला वश झाले होते. रसायनशास्त्र तेवढे अडून बसले होते, आणि त्यातही अनुमापन. नळीतून द्रव थेंबथेंब पडतो आणि एका थेंबाला रंग पालटतो, एवढे भंडाऱ्याच्या शिकवणीवर्गाने सांगितले होते. ‘गुलाबी दिसले की तिसरा पर्याय’ हे सूत्रही दिले होते. तरी सराव चाचणीत गुण जातच. तेव्हा तो रंग एकदा डोळ्यांनी पाहावा, असा अविचार तिच्या मनात आला आणि ती थेट आपल्या कनिष्ठ महाविद्यालयात गेली.

तिथे तिचे नाव अकरावीपासून होते. शिकवणीच्या मुलांनी महाविद्यालयात यायचे नाही आणि महाविद्यालयाने त्यांना गैरहजर म्हणायचे नाही, हा परस्परविश्वास त्या संस्थेचा पाया होता.

“कोन पायजे व?” डोमा शिपायाने विचारले.

“मी इथलीच आहो, काका. बारावीची.”

“इथली असती तं आली नसती!”

प्राचार्य हिरालाल सरांनी चष्मा पुसला. “आजची तुझी हजेरी लागली आहे. मग तू कायले आली?”

“सर, अनुमापन पाहाचं हाय. प्रयोगशाळा उघडून द्या नं.”

सरांचा चेहरा पांढरा पडला. प्रयोगशाळा अत्यंत सुस्थितीत होती, कारण तिला कुणाचा हात लागला नव्हता. एक नळी वापरलेली आढळली, तर बाकीच्या कोरड्या का, असे तपासणी समिती विचारणार. म्हणजे राखीच्या एका थेंबाने अख्खा वर्ग गैरहजर ठरणार होता. दुपारीच तातडीची सभा भरली. ‘सदर विद्यार्थिनी हजर असूनही प्रत्यक्ष आढळली’ असा ठपका ठेवून तिच्या वडिलांना पाचारण करण्यात आले.

धानाचे व्यापारी टेकचंद धापा टाकत आले. “कायले आली व इथं?”

“शिकाले आलती, बाबा.”

“शिकाले? कॉलेजात?” टेकचंदांनी कपाळावर हात मारला. “माणूस पोहे खाते तं का धान कांडत बसते?”

“भाऊ, पोरगी वाया नाही गेली अजून,” सर मायेने म्हणाले. “पण आज रंग पाहू दिला, तर उद्या म्हणेल, कारणही सांगा.”

राखीने ‘मी आले नव्हते’ असे लिहून द्यावे, असे बापलेक घरी गेल्यावर ठरले. परंतु लिहून द्यायला पुन्हा यावे लागले असते. सबब तिच्या वतीने डोमाने सही केली.

प्रात्यक्षिकात तिला पैकीच्या पैकी मिळाले. प्रवेशपरीक्षेत गुलाबी आले. तिने डोळे मिटून तिसरा पर्याय निवडला आणि तो बरोबर निघाला. दंत महाविद्यालयात पहिल्याच दिवशी लिपिकाने अदबीने सांगितले, “मॅडम, हजेरीची चिंता नको. पदव्युत्तरची शिकवणी लावून टाका.” दात कधी दाखवणार, हे राखीने विचारले नाही. ती आता शहाणी झाली होती.

सध्या तिचा दवाखाना उत्तम चालतो. शेकडो दाढा तिने बिनचूक काढल्याचे दंत महाविद्यालयाचे प्रमाणपत्र भिंतीवर आहे. वाचकहो, आपण निःशंक खुर्चीत बसा. आपला पाल्य हल्ली कोणत्या महाविद्यालयात हजर असतो, हे सांगायला तोंड उघडा. तेवढ्यात ती दाढ एकदा डोळ्यांनी पाहून घेईल.